पंधरा इंच म्हणजे पंधरा इंच

बिघाडाची सुरुवात अगदी बारीक होती. तिनं बेस गिटारच्या खर्जाच्या जाड तारेवर बोट ठेवलं आणि सुराच्या मागून कुणी कागद चुरगळावा तशी खरखर आली.

"दादा, ऐकलंस?"

"काय?"

"खरखर."

"दचकूबाई, तुला दार लोटलं तरी भूकंप ऐकू येतो," असं म्हणून भाऊ पुन्हा मोबाइलमध्ये बुडाला.

खरखर होती. माझ्याच छातीत होती, मला नाही कळणार? मी बोलतोय, बेस गिटारचा जुना अँप्लिफायर. खिडकीशेजारचं काळं खोकं म्हणून तुम्ही मला ओळखता. माझ्यावर इस्त्रीचे कपडे ठेवता, हेल्मेट ठेवता, एकदा तर कुंडी ठेवली होती, वर पाणीही घातलंत. विजेच्या यंत्राच्या डोक्यावर पाणी! आणि घरातली घाबरट कोण, तर म्हणे ती.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. तिथल्या एका बाईनं माझ्या ट्रान्सफॉर्मरची तार गुंडाळली. दुसरीनं लाकडी पेटीला मागून फळी लावून ती हवाबंद केली. मग आला माझा स्पीकर, पंधरा इंचांचा, आठ ओहमचा, कागदी पडद्याचा. ओहम म्हणजे स्पीकर माझ्या विजेला किती अडवतो त्याचं माप. माझी तार त्या आठला धरूनच गुंडाळलेली. दोघं मिळून कपाट उचलत असावेत आणि एकानं मध्येच हात खाली घ्यावा, की दुसऱ्याची कंबर गेलीच. आमचं अगदी तसं आहे. पण हे ऐकायला वेळ कुणाला आहे?

मला विकत घेतलं तिच्या मामानं, त्याच्या उमेदीच्या काळात. मोठमोठ्या हॉलमध्ये आम्ही वाजवलं. टाळ्या गाणाऱ्याला, शिट्ट्या गिटारवाल्याला, आणि आम्हाला "जरा बाजूला सरका, फोटोत येताय". बेसचं असंच असतं. तो थांबला की मग लोक इकडेतिकडे बघतात, काहीतरी गेलं म्हणून.

पुढे मामाची बोटं आखडली, आणि त्यामागोमाग कानही गेले. यंत्र लावूनसुद्धा त्याला बोलणं तुटकतुटक पोचतं. तेव्हा त्यानं मला भाचीच्या खोलीत आणून ठेवलं. "पोरी, जपून ठेव असं म्हणत नाही मी. वाजव."

ती वाजवू लागली. संध्याकाळी मामा यायचा, जमिनीवर बसायचा आणि मला पाठ टेकायचा. खालच्या सुरांना कान लागत नाहीत. ते फळीतून पाठीत शिरतात, मणका मणका वर चढतात. डोळे मिटून तो ऐकायचा आणि बरोब्बर पकडायचा. "घाई करतेयस. बस चुकणार आहे का तुझी?" ती हसायची, लय सावरायची. दिवसभरात एकही पूर्ण वाक्य ऐकू न आलेल्या माणसाला तेवढा अर्धा तास सगळं ऐकू यायचं. तिला ते ठाऊक होतं. म्हणून तर ती खरखरीला घाबरली.

आणि घाबरली ते बरोबरच होतं. काही दिवसांत माझा कागद काठापासून फाटला.

भावानं मला गाडीत घालून साउंडवाल्या काकांकडे नेलं. ती बरोबर होती, मागच्या सीटवर मला धरून. काका लग्नकार्याला, सभांना भोंगे पुरवतात. त्यांनी फाटका स्पीकर काढून बाजूला टाकला आणि एक नवाकोरा, चकचकीत, जाड रबरी काठाचा गडी उचलून आणला. गाडीच्या डिकीत बसवायचा! जोर लावून ढकलल्याशिवाय ज्याचा पडदा हलत नाही, असला आळशी पैलवान.

"काका," तिनं हळूच विचारलं, "ह्यावर चार ओहम लिहिलंय. जुन्यावर आठ होतं."

"चार काय नि आठ काय! पंधरा इंच म्हणजे पंधरा इंच. भोक भरलं ना?"

भोक! माझ्या छातीला भोक म्हणतात! एखाद्याचा दात पडला म्हणून तिथं बटण शिवाल का हो? मापात बसतंय की!

"पण पेटी मागून हवाबंद आहे, त्यात हा स्पीकर..."

"ताई, केस पांढरे झाले ह्या धंद्यात. कॉलेजात शिकवतात का हे?" भाऊ हसला. काकांनी स्क्रू पिळले.

"आणि जुना?"

"तो मेला आता. राहू दे इथंच. हातोडीनं फोडून चुंबक सुटं करतो, बाकीचं भंगारात."

तिच्या ओठांवर "पण" आला होता. मी पाहिला. तो तिनं गिळला आणि म्हणाली, "बरं." माझा संताप काकांवर होताच, पण खरं सांगतो, त्या "बरं"वर जास्त होता.

घरी आल्यावर तिनं मला सुरू केलं. माझे व्हॉल्व्ह, म्हणजे आतले काचेचे दिवे, उगीचच्या उगीच तापू लागले. सगळा जीव एकवटून मी ढकलत होतो आणि तो पैलवान जांभया देत होता. बाहेर आलं ते काय, तर उशीखाली तोंड दाबल्यासारखं काहीतरी. "छान वाजतंय की," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. भावानं अंगठा वर केला.

संध्याकाळी मामा आला. पाठ टेकून बसला, डोळे मिटले. ती वाजवू लागली. त्याच्या आवडीची चाल, खर्जाच्या तारेवरची, सावकाश. पहिलं कडवं झालं. दुसरं सुरू झालं. मामा तसाच, वाट बघत.

मग त्यानं डोळे उघडले आणि मोठ्यानं विचारलं, "सुरू केलंस का गं?"

तिचा हात तारांवर होता. वाजवत होता.

"अजून नाही, मामा," ती त्याच्या कानाशी ओरडून म्हणाली. "बिघडलाय जरा. करते."

त्या रात्री ती रडली वगैरे नाही. माझी मागची फळी काढून तिनं आत चिकटवलेली कारखान्याची चिठ्ठी वाचली, फोटो काढले आणि इंटरनेटवर जुनी वाद्यं जपणाऱ्यांच्या गटात प्रश्न टाकला, "ह्याला योग्य स्पीकर कोणता?" उत्तरं भराभर आली. गिटारचा लावा. दोन छोटे लावा. हे खोकं फेकून नवीन घ्या. (हे लिहिणाऱ्याच्या घरातलं सगळं जुनं असंच फेकत असतील का?) सकाळी एकच समजूतदार उत्तर आलं, "सांगाडा आणि चुंबक शाबूत असेल तर त्याच स्पीकरला नवा कागद आणि कॉइल, म्हणजे तारेचं वेटोळं, बसवून मिळतं. त्याच्याइतका योग्य दुसरा शोधूनही सापडणार नाही. जुना सांभाळून ठेवलाय ना?"

ती इतकी दचकली की चहा माझ्यावर सांडला. ह्या वेळी मी काही बोललो नाही.

ती धावत दुकानावर गेली. शटर अजून उघडलं नव्हतं. शटरवर रंगवलेला नंबर टिपून परत आली. त्या दिवशी मामा सकाळीच येऊन नेहमीच्या जागी बसला होता, मुक्या खोक्याला पाठ लावून. सवयीनं.

ती माझ्याशेजारीच उकिडवी बसली. ह्या मुलीला फोन करायचा म्हटलं की घाम फुटतो. आधी वाक्य पुटपुटून बघते, "नमस्कार, सॉरी हं, तुम्हाला त्रास देतेय, शक्य असेल तर..." तिनं फोन लावला. वाजून वाजून थांबला. पुन्हा लावला. कुणीतरी कापला. पुन्हा.

"अगं, किती वेळा?" आई दारात आली. "काय म्हणतील ते? एक जुना स्पीकर तो."

तेवढ्यासाठी मी हे सगळं बोललो, बाईसाहेब. जुना म्हणजे मेलेला नव्हे. फाटला तर कागद फाटलाय. दुसऱ्या कुणाच्या छातीत काही बसवाल तेव्हा निदान त्याचं माप तरी विचारा. भोक भरणं म्हणजे दुरुस्ती नव्हे. आणि एखादी मुलगी "खरखर येतेय" म्हणाली तर क्षणभर गप्प बसून ऐका.

मामानं वळून तिच्याकडे पाहिलं. ऐकू काहीच येत नव्हतं त्याला, पण ती पुन्हा पुन्हा नंबर लावताना दिसत होती. त्यानं हात पुढे करून तिच्या गुडघ्यावर ठेवला.

पलीकडे फोन उचलला गेला.

"कोण आहे? काय चाललंय सकाळपासून?" काकांचा आवाज. मागे लोखंडावर लोखंड आपटल्याचा. "लवकर बोला, हातात हातोडी आहे माझ्या."

तिनं पाठ केलेल्या वाक्यातला एकही शब्द तिला आठवला नाही.

"खाली ठेवा ती," ती म्हणाली.