अर्ध्या वर्षाचा डबा

डब्याचं झाकण कडेला चेपलेलं होतं, आणि त्यावरच्या चित्रातलं एक बिस्किट बोटं घासून घासून पार पुसून गेलेलं – पण हे सगळं तिला नंतर दिसलं. आधी कळलं ते वजन. फळीवरून आपला डबा उचलताना हात एका ठरावीक वजनाच्या तयारीत होता आणि डबा त्याहून जड निघाला, इतका की मनगट खाली गेलं आणि तिला दुसरा हात लावावा लागला. पार्सलच्या खिडकीवर इतकी वर्षं काढलेली बाई वजनाला फसत नाही. पाकीट हातात घेतलं की आकडा आधी तिच्या मनात येतो आणि मग काट्यावर. म्हणजे चूक हाताची नव्हती. चोर आला असता तर डबा हलका झाला असता… जड कोण करून जातं?

घरात कोणी नव्हतं. नवरा सकाळीच हत्यारांची पिशवी सायकलला अडकवून बाहेर पडला होता. कुठल्याशा इमारतीत तिसऱ्या मजल्याचं पाणी दुसऱ्या मजल्याच्या छतातून गळत होतं आणि दोन्ही मजले एकमेकांवर तुटून पडले होते. प्लंबर गेल्याशिवाय ते भांडण मिटणार नव्हतं. संध्याकाळी मात्र तो वेळेवर येणार, कारण आज अर्धं वर्ष होतं.

अर्धं वर्ष हा सासूबाईंचा शिरस्ता. वर्षाच्या सुरुवातीला घरातल्या प्रत्येकाने दोन गोष्टी मोठ्याने बोलायच्या, एक डब्याची आणि एक स्वतःची. डब्याची म्हणजे पैसे कशासाठी साठवणार ते. स्वतःची म्हणजे स्वतःत काय बदलणार ते. मग प्रत्येकाने आपापल्या डब्याचं झाकण चिकटपट्टीने बंद करायचं, वर एक फट ठेवायची, आणि वर्षाच्या मध्यावर तो उघडायचा नाही, नुसता दोन्ही हातांनी उचलायचा आणि ‘पुढे’ किंवा ‘मागे’ एवढंच सांगायचं. “उघडलं की मोजाल, मोजलं की खर्चाल,” सासूबाई म्हणायच्या. सासूबाई गेल्या, शिरस्ता राहिला. नवरा आईची आठवण वगैरे कधी काढत नसे, पण हा दिवस त्याने एकदाही चुकवला नव्हता.

या वर्षी ती म्हणाली होती, “शिलाई मशीन. विजेवरचं. आणि पाठीसाठी रोज संध्याकाळी चालणार.” ते सरळ सरळ खोटं होतं. मशीन नको होतं तिला. तिला हवी होती खोली – बेकरीच्या वरची, एका खिडकीची, एका माणसापुरती खोली, आणि डब्यातले पैसे होते त्या खोलीच्या अनामतीसाठी. रोजचं चालणंही त्याच रस्त्याने व्हायचं, वर बघत बघत. मारहाण नव्हती, दारू नव्हती, दुसरी बाई नव्हती. कोणाला सांगावं असं काहीच नव्हतं, आणि तेच तर… जेवण, भांडी, रेडिओ, झोप. ती दिवसभराचं बोलत राहायची आणि तो “हं” म्हणायचा. एकदा तिने मुद्दाम म्हटलं होतं, “आज ऑफिसला आग लागली,” तर म्हणाला, “हं.” तेव्हा ती हसली होती आणि मग मोरीत जाऊन रडली होती. या वर्षी त्याने सांगितलं होतं – डब्याची गोष्ट, जुनी छोटी व्हॅन, कारण सायकल मारून गुडघे गेले होते, आणि स्वतःची गोष्ट… जरा थांबून, फळीकडे बघत, “बोलेन थोडं जास्त.” ती मनात म्हणाली होती, आता बोलून काय उपयोग.

पट्टी न फाटता कशी उचलायची ते तिला ठाऊक होतं. खिडकीवर अशी उचलून पुन्हा चिकटवलेली पार्सलं ती लांबून ओळखायची आणि लोकांना चार शब्द सुनावायची. आज तेच पाप हातून घडत होतं. कोपरा नखाने सोडवला, हळूहळू ओढला, झाकण उघडलं. वर तिच्या नोटा होत्या, चार घड्या घालून दाबून सपाट केलेल्या. आणि त्यांच्या मधे, खाली, कडेकडेने – बारीक गुंडाळलेल्या सुरळ्या. प्रत्येक सुरळीवर पांढऱ्या टेपचे दोन वेढे. नळाच्या आट्यांवर पाणी गळू नये म्हणून गुंडाळतात तो टेप. घरभर त्याचे तुकडे सापडायचे, खिशात, उशीखाली, एकदा तर चहात. सुट्टी नाणीही दोन-दोन, तीन-तीन करून त्याच टेपने बांधलेली.

ती खालीच बसली. मग मोजलं – सासूबाई, माफ करा – आणि पुन्हा मोजलं. अनामत भरत होती, वर पहिल्या महिन्याचं भाडंही निघत होतं. वर्षअखेरीला जे जमेल की नाही याची धाकधूक होती ते आज, आत्ता, मांडीवर होतं. मग तिने त्याचा डबा उचलला. उचलायला काही लागलंच नाही. तळाशी चार-दोन नाणी इकडून तिकडे घरंगळली.

व्हॅन नाही. गुडघे तसेच. मशीनसाठी! माझ्या नसलेल्या मशीनसाठी हा माणूस…

पट्टी पुन्हा चिकटवताना कोपरा तिरका बसला.

खिडकीवर सकाळभर ती वजनं करत राहिली. शेजारच्या खिडकीवरचा शिक्केवाला नेहमीप्रमाणे म्हणाला, “काटा बंद पडला तर बाईंनाच उभं करू,” आणि ती नेहमी हसायची तशी आज हसली नाही तेव्हा त्याने चहा पुढे सरकवला. “बरं नाही का?” “बरं आहे.” एक म्हातारा मुलीला पुस्तकं पाठवत होता, तिने हातात घेताच मनात आकडा आला, काट्यावर तोच उमटला. हात शाबूत होता. मग बाकी सगळं कसं काय चुकलं? तिने इतकी वर्षं एक हिशेब धरला होता – याला काही दिसत नाही, याला काही कळत नाही, मी गेले तर दोन दिवसांनी म्हणेल, ‘हं’ – आणि त्या हिशेबावर जाणं सोपं होतं. ज्याला आपण दिसतच नाही त्याला सोडून जाण्यात अपराध कसला? आणि तो मात्र महिनोन् महिने, ती आंघोळीला गेली की किंवा ती झोपली की, त्या फटीतून सुरळ्या सरकवत होता. एका खोट्यासाठी. तिला स्वतःची शिसारी आली, मग त्याचा राग आला – आधी का नाही असा वागलास? – आणि त्या रागाची लाज वाटली.

जेवणाच्या सुट्टीत पाय आपोआप बेकरीकडे वळले. खोलीची मालकीण बेकरीच्या दारातच पिठाची पोती उतरवणाऱ्यांवर ओरडत होती. हिला बघून आवाज खाली आला.

“या या, पाठदुखीवाल्या बाई. खोली अजून तुमच्यासाठी धरलीय बरं का. दोघं विचारून गेले, मी म्हटलं, शब्द दिलाय.”

“अजून… थोडे दिवस.”

“घ्या की दिवस. वर जाऊन बघा तरी. नळ थंडीतच नवा करून घेतलाय, तेव्हापासून तुम्ही वर आलाच नाहीत. आधी धार करंगळीएवढी होती, आता बादली बघता बघता भरते.”

ती वर गेली. खोली तशीच होती, रिकामी, खालच्या भट्टीने फरशी कोमट झालेली. पूर्वी इथे उभं राहिलं की छातीतलं काहीतरी सैल व्हायचं. ती पलंगाची जागा ठरवायची, पडद्याचा रंग बदलायची, इथे मी मोठ्याने गाणं म्हणेन असं ठरवायची. आज तिने नळ सोडला, पाणी जोरात आलं, बंद केला. एक थेंबही मागे राहिला नाही. तिला त्या खोलीत काय करावं ते सुचेना.

संध्याकाळी तो वेळेवर आला. हात कोपरापर्यंत धुतले, अंग पुसलं, रेडिओकडे गेला नाही. चहा झाल्यावर त्याने दोन्ही डबे फळीवरून काढून टेबलावर ठेवले. तिचा उचलताना त्याने एक क्षण झाकणाच्या तिरक्या पट्टीकडे पाहिलं. त्याला कळलं, हे तिला कळलं.

“आधी तुम्ही,” ती म्हणाली.

त्याने आपला डबा दोन्ही हातांनी, शिरस्त्याप्रमाणे, अगदी जड असल्यासारखा उचलला. “मागे.” डबा खाली ठेवला. मग खुर्चीवर बसला आणि गुडघे चोळू लागला. “आणि बोलायचं ठरवलं होतं. त्यातही मागेच. अर्धं वर्ष गेलं. म्हणून म्हटलं, आज…”

ती थांबली. तो बराच वेळ टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिला, नळाला कुठे चीर आहे का ते पाहतो तसा.

“बेकरीच्या वरचा नळ मी बसवलाय.”

तिला आधी वाक्य ऐकू आलं, अर्थ मागाहून आला. अर्थ आला तेव्हा कानात नुसता घूं घूं आवाज सुरू झाला.

“थंडीत बोलावलं होतं बेकरीवालीने,” तो म्हणाला. “काम करताना बोलत होती. पार्सल ऑफिसातल्या एक बाई घेणार आहेत, एकट्याच राहणार, पाठीसाठी चालतात म्हणे. चांगल्या आहेत बिचाऱ्या, म्हणाली.” थोडा थांबला. “पाइप जुना होता. आतला सगळा बदलला. खिडकीची कडी मात्र ढिली आहे, ती सुताराकडून करून घे.”

“म्हणजे… तेव्हापासून?”

“हं.”

“आणि हे पैसे? तुमची व्हॅन?”

“व्हॅनचं काय, पुढच्या वर्षी. म्हटलं, पैसे कमी पडले तर एखादी ओल आलेली खोली घेशील. तुला खोकला लगेच होतो.”

एवढं सलग तो कधी बोलला होता? लग्नाच्या बोलण्यांच्या वेळीसुद्धा नाही. सकाळपासून ती एका भोळ्या माणसाला फसवल्याच्या शरमेत जळत होती, आणि तो भोळा नव्हता. तो सगळं माहीत असून तिची वाट मोकळी करत होता, पाइपात अडकलेला कचरा काढतात तसा, गाजावाजा न करता. तिला वाटलं होतं की कळलं तर तो आरडाओरडा करेल, हात धरेल, निदान रडेल – त्या सगळ्याची उत्तरं तिने रोजच्या चालण्यात पाठ केली होती. आणि कोणी अडवतच नव्हतं. हे प्रेम आहे की सुटका हवीय यालाही? माझी धुसफूस, माझं बोलणं, माझं मोरीतलं रडणं… ते ऐकू यायचं का याला? यायचंच की. एवढंसं घर.

“अहो,” ती म्हणाली, आणि तो स्वतःचा आवाज तिला अनोळखी वाटला, “मी जावं असं वाटतं का तुम्हाला?”

त्याने मान वर केली. तोंड उघडलं. खाली रस्त्यावर कोणीतरी कोणाला हाका मारत होतं.

“आज एवढंच जमलं,” तो शेवटी म्हणाला. “ते उद्या सांगतो.”

मग, शिरस्ता अर्धा राहिला म्हणून, त्याने तिचा डबा तिच्याकडे सरकवला. तिने तो दोन्ही हातांनी उचलला. ‘पुढे’ म्हणायचं होतं. ‘पुढे’च होता तो, वर्षाच्या शेवटाच्याही पुढे. शब्द तोंडाशी येऊन थांबला. त्याचं उद्याचं वाक्य तिला आजच हवं होतं, आणि ते ऐकायची तिला भीती वाटत होती – तो ‘जा’ म्हणेल याची की ‘राहा’ म्हणेल याची, हेही ठरत नव्हतं. या घरात किती वर्षांनी ती याच्या बोलण्याची वाट बघत होती. डबा धरून ती उभी राहिली. हाताला विचारून पाहिलं, पुन्हा विचारलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच तिला वजन सांगता येईना.