सावडीचं छप्पर

"वहिनी, ती निळी ताडपत्री आजच्या आज खाली घ्या. सगळ्यांच्या फोटोत येतेय."

तोकुझो अंगणात शिरला तो हेच बोलत. कशा आहात नाही, गुडघा काय म्हणतो नाही. किनुए वाळवणाच्या दोरीवर मुळे टांगत होती. तिनं वळून दिराकडे बघितलं. ओदाकी गावच्या वारसा मंडळाचा हा अध्यक्ष. कोटावर मंडळाचा बिल्ला लावून हिंडायचा, झोपतानाही काढत नसावा.

"काढते की. मग गळणारं पाणी तुमच्या तोंडात धरू का, भाऊजी?"

"काहीतरीच काय बोलता! माणसं कुठून कुठून येतात. शेवाळलेलं छप्पर, मागं लाल मेपल... अहो, पोस्टरवर तुमचंच घर आहे."

"दुरून डोंगर साजरे. आत येऊन झोपा एकदा. उशाशी बादली ठेवते तुमच्या."

यंदा पाळी तिच्या घराची होती. डोंगरातल्या या गावात घरं गवतानं शाकारलेली, आणि शाकारणी सावडीनं व्हायची. आज सगळं गाव माझ्या छपरावर, उद्या मी तुमच्या. मजुरी नाही, कुणी कुणाचे आभारही मानायचे नाहीत. किनुए लग्न होऊन आली तेव्हापासून सगळ्यांच्या छपरांसाठी राबली होती. पोटुशी असताना पेंढ्या वाहिल्या होत्या. नवरा जाऊन महिना झाला नव्हता, तरी शेजारच्या हात्सुएच्या अंगणात गवत विंचरायला बसली होती. आणि तिची पाळी आली तेव्हा मंडळानं ती पुढं ढकलली! का, तर पर्यटकांसाठी बांधलेलं नवं दालन शाकारायचं होतं. शरदाच्या उत्सवात 'सावड प्रत्यक्ष पाहा', तिकीट लावून. डोंगरावरचं सामायिक गवत सगळं तिकडं गेलं.

"पुढच्या वर्षी नक्की, वहिनी."

"आढं कुजलंय. यंदाचा बर्फ हे घर पेलायचं नाही. पत्रा घालू म्हटलं तर तो तुमच्या नियमात बसत नाही. करू काय मी?"

"हिवाळ्यात मुलाकडं जा की शहरात. घर आम्ही सांभाळू."

किनुएच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आम्ही सांभाळू! म्हणजे घर हवं होतं, अडचण होती ती तिची. एकदा ती गेली की दारात पाटी लागणार आणि तिच्या चुलीपुढं उभं राहून लोक फोटो काढणार.

"तुमच्या भावानं हे मंडळ कशाला काढलं होतं हो?" ती म्हणाली. "रस्त्यासाठी घरं पाडायला आले तेव्हा तो यंत्रापुढं आडवा पडला, तो गावात माणसं राहावीत म्हणून. माणसं हाकलून घरं मांडून ठेवायला नव्हे."

तोकुझोनं घड्याळ बघितलं आणि जाताना पुन्हा ताडपत्रीची आठवण करून दिली.

संध्याकाळी मंडळाची दोन पोरं येऊन ताडपत्री काढून गेली. त्यानंतर पाऊस लागला. पितरांच्या देव्हाऱ्यात पाणी शिरलं, नवऱ्याच्या फोटोवर ओघळ आले. किनुए फोटो पुसताना रडली. दुःख कसलं, संतापानं रडली.

हात्सुए भांडं परत करायला आली होती. तिनं सगळं बघितलं.

"तू तरी बोल ना त्यांना," किनुए म्हणाली.

"माझी सून मंडळात आहे गं. उगीच कशाला वाईटपणा?"

"बरोबर. वाईटपणा मीच घेते."

उत्सवाच्या दिवशी ऊन पडलं. सगळं गाव निळे अंगरखे घालून दालनाच्या छपरावर चढलं होतं. कर्ण्यातून तोकुझोचा आवाज घुमत होता, "एकमेकांना धरून राहणं, हीच आमची परंपरा!"

"धरून राहणं म्हणे! मेल्यांनो!" किनुएनं दातओठ खाल्ले, शिडी लावली आणि विळा घेऊन वर चढली. गुडघा ठणकत होता. देव्हाऱ्यावरच्या बाजूचे दोर तिनं कापले आणि कुजलेलं गवत उपसून खाली फेकायला सुरुवात केली. काळी धूळ उठली. रस्त्यावरच्या पाहुण्यांना वाटलं, हाही कार्यक्रमच. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

दालनाच्या छपरावर मात्र सगळ्यांचे हात थांबले. ओदाकीत उघडलेल्या छपरावर रात्र पडू द्यायची नाही, हा मंडळाच्याही आधीचा रिवाज. कुणाचंही असो, छप्पर उघडलं की हातातलं काम टाकून जायचं. भांडण असलं तरी जायचं.

तोकुझो धापा टाकत आला. "वहिनी, वेड लागलंय का? उतरा खाली! पाहुणे बघतायत!"

"बघू देत. छप्पर उघडलंय, भाऊजी."

"असं मनाला येईल तेव्हा उघडायचं नसतं! सावड ठरवून होते!"

"ठरलीच होती. मोडली तुम्ही. आता येऊ नका हवं तर. पण त्या कर्ण्यावरून सांगा, की इथं छप्पर उघडं पडलंय आणि ओदाकीची माणसं नाटक करत बसलीत."

तेवढ्यात त्याच्या मागून हात्सुए आली. पाहुण्यांसाठी सूप वाढता वाढता उठली होती, कमरेला तसाच एप्रन. डोक्यावर दालनाच्या गवताची पेंढी होती आणि मान खाली होती.

"किनुए, मी तेव्हा..."

"तुझ्यावरचा राग उद्या काढीन. आज गवत आण."

मग दालनावरची माणसं उतरू लागली. सकाळी बांधलेल्या पेंढ्या सोडून, खांद्यावर घेऊन येऊ लागली. कुणी वासे आणले, कुणी दोर. एका पाहुण्यानं हात्सुएला विचारलं, "हा भाग किती वाजता संपतो?"

"छप्पर झालं की!" ती खेकसली. "धरा ही पेंढी."

तोकुझो अंगणात एकटाच उभा राहिला होता. शेवटी त्यानं एक पेंढी उचलली आणि शिडीपाशी आला.

"वहिनी, चुकलं माझं."

किनुएनं वरून बघितलं. इतक्या दिवसांचा राग एवढ्याशा बोलण्यानं जाण्यासारखा नव्हता आणि तिला तो जायलाही नको होता.

"माफी राहू द्या खाली," ती म्हणाली. "पेंढी वर द्या."