डाग काढू की ठेवू

व्हिसा केंद्राच्या काचेच्या दाराशी उभ्या असलेल्या रखवालदाराने तिची पिशवी उघडून पाहिली, मोबाइल बंद करायला सांगितला आणि नवऱ्यापुढे हात आडवा धरला.

“ज्याचा अर्ज, तोच आत.”

“अहो, मी एकटी?” तिने मागे वळून विचारले.

“मी समोरच्या पायरीवर बसतो. घाबरू नकोस. विचारतील तेवढंच बोल, जास्त फाटे फोडू नकोस.” हे वाक्य व्हिसाच्या एजंटाचे होते. नवऱ्याने ते सकाळपासून इतक्या वेळा म्हटले होते की, आता त्यातून धीरापेक्षा त्याची स्वतःची भीतीच जास्त ऐकू येत होती.

आत एकमेकींना जखडलेल्या लोखंडी खुर्च्यांच्या रांगा होत्या. भिंतीवरच्या पाटीवर लाल आकडे पुढे सरकत आणि प्रत्येक वेळी घंटी वाजे. कागद सगळे होते; तिने ते घरी जमिनीवर पसरून पुनःपुन्हा तपासले होते. लेकीचे पत्र होते, परदेशातल्या त्या इस्पितळाचेही होते. लेकीच्या डाव्या कानाखालच्या ग्रंथीत गाठ निघाली होती. ती काढताना कानापासून मानेपर्यंत चिरावे लागणार होते, आणि चेहऱ्याची नस वाचेल की नाही, हे डॉक्टर आधी सांगायला तयार नव्हते. लेक तिकडे एकटी होती. “बाबा नंतर आले तरी चालतील,” ती फोनवर म्हणाली होती, “शुद्धीवर येईन तेव्हा मला तू समोर हवीस. तूच.” एरवी लेक असे हट्ट करणाऱ्यांतली नव्हती. ऑपरेशनची महिनाअखेरीची तारीख ठरली होती आणि आजची भेट हुकली असती, तर व्हिसा तोपर्यंत हातात पडणे शक्य नव्हते.

“पहिलीच खेप का?” शेजारच्या खुर्चीवरच्या जाडजूड बाईंनी विचारले.

“हो. तुमची?”

“तिसरी खेप. दोनदा नाकारलं. म्हणे, तुम्ही परत याल याची खात्री वाटत नाही. मी म्हटलं, अहो, घरी नवरा आहे माझा, परत नाही येणार तर जाईन कुठे? तर ते म्हणाले, बाई, तेच तर कारण!” त्या स्वतःच्याच विनोदावर खुर्ची हलेपर्यंत हसल्या आणि मग एकदम गप्प होऊन आपली फाइल छातीशी घट्ट धरून बसल्या. त्या हसण्यापेक्षा ते गप्प होणेच तिला जास्त खरे वाटले.

तिचा आकडा आला. खिडकीपलीकडे लेकीच्याच वयाची एक मुलगी होती. तिने कागद भराभर लावले, शिक्के मारले, बोटांचे ठसे घेतले. सगळे सुरळीत चालले होते आणि म्हणूनच तिला अधिक धास्ती वाटत होती.

“आता कॅमेऱ्यात बघा, काकू. केस जरा कानामागे घ्या.”

तिने डाव्या बाजूचे केस मागे सारले. मुलीचा हात कळफलकावर तसाच थांबला. कानाच्या पाळीपासून जबड्यावरून थेट गळ्यापर्यंत उतरलेला तो काळपट, सुरकुतलेला पट्टा तिने पाहिला. मग अर्जावरचा फोटो पाहिला. मग पासपोर्ट उघडला.

“काकू, हा फोटो कधी काढलाय?”

“मागच्या आठवड्यात.”

“आणि हे भाजलंय कधी?”

“लहानपणी. स्टोव्ह भडकला होता.”

मुलीने काचेखालून फोटो तिच्याकडे सरकवला. फोटोतल्या बाईचा गाल तेल लावलेल्या लाकडासारखा नितळ होता.

हा फोटो तिनेच मापात कापला होता. नवऱ्याच्या स्टुडिओत चौकटी बनवण्याचे, काचा आणि पुठ्ठे कापण्याचे काम इतकी वर्षे तीच करीत आली होती. व्हिसाच्या फोटोत चेहरा किती भाग व्यापतो, मागचा पडदा किती फिका हवा, हे तिने पट्टी लावून तपासले होते. डाग नाही, हे मात्र तिला दिसले नव्हते. फोटोतली ती नेहमीच बिनडागाची असे. आरशातली वेगळी आणि फोटोतली वेगळी, हे दोघांच्याही इतके अंगवळणी पडले होते की, त्यात लक्षात येण्यासारखे काही उरलेच नव्हते.

मुलीने आतून साहेबांना बोलावले. ते चष्मेवाले, थकलेले गृहस्थ होते. आवाज त्यांनी चढवला नाही. चढवला असता, तर तिला कदाचित कमी भीती वाटली असती.

“बाई, फेरफार केलेला फोटो आम्हाला घेता येत नाही. ते एक वेळ सोडा, नवा फोटो त्या कोपऱ्यातल्या बूथमध्ये निघेल. पण पासपोर्टवरही डाग नाही. म्हणजे नवा फोटो पासपोर्टशी जुळणार नाही आणि पासपोर्ट तुमच्याशी जुळत नाही. मी पुढे काय पाठवू?”

“पासपोर्ट माझाच आहे हो. नाव बघा ना.”

“नावावर संशय नाही माझा. चेहऱ्याचं बोलतोय. दुसऱ्याच्या पासपोर्टवर जाणारे लोक असतात, म्हणून विचारावं लागतं.”

दुसऱ्याचा पासपोर्ट! तिला वाटले, आता ते रखवालदाराला हाक मारतील. विचारतील तेवढंच बोल, हे तिला आठवले. पण विचारले त्याला उत्तर काय, ते एजंटाने सांगितले नव्हते.

“डाग दिसतोय असा एखादा जुना फोटो आणा,” साहेब जरा नरमून म्हणाले. “पासपोर्ट काढला त्या सुमाराचा असेल तर उत्तम. निदान माणूस तेच, एवढं तरी दाखवता येईल.”

“माझे मिस्टर फोटोग्राफर आहेत,” ती म्हणाली.

“मग तर ढिगाने असतील घरी!”

घरात ट्रंका भरून फोटो होते. स्टुडिओच्या दर्शनी काचेत तिचे मोठे रंगीत चित्र नमुना म्हणून लावलेले होते. त्यांतल्या एकाही फोटोत ती नव्हती.

“चार वाजता खिडकी बंद होते,” मुलगी हळूच म्हणाली. “त्याआधी आलात तर पुन्हा रांग नको. सरळ माझ्याकडे या. आजचं राहिलं, तर मात्र पुढची तारीख पुढच्या महिन्यातली.”

नवरा पायरीवरून उठून धावतच आला. “झालं?”

“तुम्ही डाग काढलात.”

“कसला डाग?”

“माझ्या गालाचा! अर्जातल्या फोटोतून.”

“छे! मी फक्त प्रकाश सारखा केला, जरा...” तो बोलता बोलता थांबला. त्याचा उजवा हात हवेत किंचित हलला, जणू माउस धरला आहे आणि तो एका ठरावीक वळणाने कानापासून गळ्यापर्यंत उतरतो आहे. हाताने ते वळण पुरे केले, तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक पडला. “अगं, मला आठवतसुद्धा नाही गं. मुद्दाम नाही केलं.”

“माहीत आहे मला. म्हणून तर रडू येतंय.”

“पण तूच म्हणाली होतीस ना...”

“एकदा! एकदाच विचारलंत तुम्ही. मी ओळखपत्राच्या फोटोसाठी आले होते, तुम्ही परके होतात. डाग काढू की ठेवू, म्हणालात. परक्या माणसाला मी दुसरं काय सांगणार होते? त्यानंतर पुन्हा कधी विचारलंत?”

जाणारी-येणारी माणसे त्यांच्याकडे वळून पाहत होती. तिने साहेबांचे म्हणणे जमेल तसे सांगितले.

“पासपोर्टचा फोटो फिल्मवरचा आहे,” तो एकाएकी म्हणाला. “तेव्हा संगणक नव्हता आपल्याकडे. निगेटिव्ह मोठी होती, डागाची जागा पेन्सिलीने भरली होती मी.”

“मग?”

“पेन्सिल वर असते, निगेटिव्हच्या पाठीवर. खालचा डाग कुठे जात नाही. पुसली की झालं.” आणि तो रिक्षा थांबवायला रस्त्यात जवळजवळ आडवाच गेला.

“निगेटिव्ह सापडेल ना?” ती ओरडली. रिक्षा निघाली होती. त्याने मागे पाहून काही तरी सांगितले. ते तिला ऐकू आले नाही.

ती पायरीवर बसली. समोरच्या इमारतीची सावली रस्ता ओलांडून तिच्या पायांकडे सरकत होती, आणि तिला त्या सावलीकडे बघवत नव्हते. निगेटिव्हच्या पेट्या माळ्यावर होत्या. मागच्या वर्षी तिनेच म्हटले होते, अडगळ झाली आहे, भंगारात देऊन टाका. त्याने दिल्या की ठेवल्या? कितीही ताणले, तरी तिला आठवेना. मोबाइल सुरू करताच तो वाजू लागला.

“आई, कधीपासून फोन लावतेय! झालं का गं?”

“चाललंय. गर्दी आहे.”

“तुझा आवाज असा का येतोय?”

“उन्हात उभी आहे ना. तू जेवलीस का?”

“आई, मी आज इस्पितळात विचारलं, व्रण किती दिसेल म्हणून. तर त्या नर्सने बोटाने दाखवलं, इथून इथपर्यंत. मी म्हटलं, माहीत आहे, आमच्या घरी असा एक आहे.” लेक हसली. पण ते हसू मध्येच अडखळले. “मला आरशाची भीती वाटतेय गं. तू येशील ना?”

“येणार म्हणजे काय! तिकडे येऊन तुझ्या स्वयंपाकघराची काय दशा केली आहेस, ते बघायचंय मला.”

फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आले की, आपण केस पुन्हा गालावर ओढून घेतले आहेत. ते केव्हा घेतले, हे तिलाही आठवत नव्हते.

जाड बाई बाहेर आल्या. “माझे घेतले बाई कागद! तुमचं काय?” तिने नुसती मान हलवली. त्यांनी आपली पाण्याची बाटली तिच्या हातात दिली आणि नवऱ्याची रिक्षा येईपर्यंत शेजारी बसून राहिल्या.

नवरा आला तो धापा टाकत. शर्टाच्या बाहीवर माळ्याची जळमटे होती, बोटांना स्पिरिटचा वास होता. हातात एक लिफाफा. रखवालदाराने पुन्हा हात आडवा धरला. पण तिच्या खिडकीवरच्या मुलीने आतूनच खूण केली आणि दोघांनाही सोडण्यात आले.

त्याने निगेटिव्ह आणि तिच्यावरून आताच छापलेला फोटो खिडकीत ठेवला. तोच पासपोर्टचा फोटो होता. तोच पडदा, तीच साडी, डाव्या खांद्यावर तीच चुणी. आणि कानापासून गळ्यापर्यंत डाग.

साहेबांनी पासपोर्ट शेजारी धरला. बराच वेळ ते एकदा इकडे, एकदा तिकडे पाहत राहिले.

“कशावरून हा डाग आज घातलेला नाही?” त्यांनी विचारले.

हे तिच्या मनातही आले नव्हते. नवरा मात्र शांत होता. पहिल्यांदाच त्याला आपल्या धंद्यातले काही विचारले गेले होते.

“साहेब, निगेटिव्ह उजेडात धरा. गळ्यापाशी थोडी पेन्सिल मी मुद्दाम ठेवली आहे. हा घ्या स्पिरिटचा बोळा, तुमच्या हाताने पुसा.”

साहेबांनी चष्मा वर सरकवला, निगेटिव्ह खिडकीच्या उजेडात धरली आणि कापसाचा बोळा जपून फिरवला. बोळ्यावर करडा रंग उतरला. ते काही वेळ त्या बोळ्याकडेच पाहत राहिले.

“छान भरलं होतं हो,” ते म्हणाले. “कळलंच नसतं.”

“अख्खी दुपार गेली होती तेव्हा,” नवरा खाली बघत म्हणाला. “पुसायला काही लागत नाही.”

कोपऱ्यातल्या बूथमध्ये तिचा नवा फोटो निघाला. कोणी डोके किंचित कलवायला सांगितले नाही, कोणी डावी बाजू सावलीत घेतली नाही. साहेबांनी सगळे एकत्र टाचले आणि स्वतःच्या अक्षरात शेरा लिहिला. “आम्ही फक्त पाठवतो,” ते म्हणाले. “देणं न देणं वकिलातीच्या हातात. शंका आली, तर ते नाही म्हणू शकतात. मी खोटी आशा लावणार नाही.”

पुढचे दिवस दोघांनी एकमेकांची नजर चुकवत काढले. दारावरची प्रत्येक थाप तिच्या छातीत वाजे. तो गिऱ्हाइकांचे फोटो काढी, पण संगणकासमोर बसला की त्याचा हात थबके आणि तो समोरच्याला विचारी, “हा तीळ ठेवायचा ना?” माणसे चमकून त्याच्याकडे पाहत.

पाकीट आले तेव्हा तो गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसून राहिला. “तूच उघड.”

तिने पुठ्ठे कापायच्या पात्याने पाकिटाची कड चिरली. पासपोर्टची पाने उलटताना एक पान चिकटून आले, आणि त्या क्षणात तिला वाटले की नाही, काही नाही, सगळी पाने कोरी आहेत. मग व्हिसा दिसला, त्यावर बूथमधला डागासकटचा फोटो.

“दिलाय,” ती म्हणाली. ती काउंटरला टेकली.

त्याने पासपोर्ट घेऊन भिंगाखाली धरला. “प्रकाश अगदीच वाईट आहे यांचा,” तो म्हणाला, आणि मग भिंग खाली ठेवून त्याने तोंडावर हात घेतला.

तिने त्या पानाचा फोटो लेकीला पाठवला. उत्तर लवकर आले नाही. मग फोनच वाजला.

“आई, फोटोत उलटं दिसतं का गं? आरशासारखं?”

“नाही. आहे तसंच येतं.”

“म्हणजे तुझीही डावीच.”

“हो. डावीच.”

“लवकर ये,” लेक म्हणाली. “फार भीती वाटतेय.”

“मलाही,” ती म्हणाली आणि माळ्यावरून बॅग काढायला नवऱ्याला खूण केली.