चंद्राचे चाळीस कागद

सुमंत आला त्या दिवशी आसावरीने पोहे केले. मी तीन महिने तिच्याकडे अमेरिकेत, स्टेट कॉलेज नावाच्या गावात राहत होतो आणि रोज सकाळी सीरियल खात होतो. पोहे मी कधी मागितले नव्हते, हेही खरं.

सुमंत आणि मी कोयनेच्या खोऱ्यातल्या एका भूकंप केंद्रावर तीस वर्षं शेजारी बसून आलेख वाचले. धक्का नेमका कुठे सुरू झाला तिथे पेन्सिलीने उभी रेघ मारायची, हे आमचं काम. तो रेघ मारून चहाला उठायचा. मी भिंग घेऊन बसायचो, खोडायचो, पुन्हा मारायचो. साहेब त्याचीच वही पुढे पाठवायचे.

आसावरी, माझी मुलगी, इथल्या विद्यापीठात चंद्रावरच्या कंपांचा अभ्यास करते. पन्नास वर्षांपूर्वी तिथे ठेवलेल्या यंत्रांच्या नोंदी आता कॉम्प्युटर वाचतो. जुनी, सरावलेली माणसं त्याच नोंदी कशा वाचतात, हे तिला ताडून पाहायचं होतं. त्यासाठी तिने सुमंतला टेक्सासमधल्या प्लेनोहून, त्याच्या मुलाच्या घरून, आठवडाभरासाठी बोलावून घेतलं. "काका म्हणजे लेजंड आहेत," असं ती फोनवर कुणाला तरी सांगत होती. मला म्हणाली, "बाबा, तुम्ही आहातच, तर तुम्हीपण करा."

तिने आम्हा दोघांना त्या नोंदींचे सारखेच चाळीस कागद दिले. "एकमेकांचं बघायचं नाही हं, प्लीज. नाहीतर सगळं फुकट जाईल."

"अगं, याला स्वतःचंच बघायची भीती वाटते, माझं काय बघणार?" सुमंत म्हणाला.

ती हसली. जरा जास्तच हसली.

चंद्राचे आलेख वेगळेच. आपल्याकडे धक्का दणकन येतो आणि विरतो. तिथे तो कधी सुरू झाला ते कळतच नाही. हळूहळू फुगत जातो आणि तासभर घुमत राहतो. उल्का आदळली की आतूनच हादरलं, हेही चटकन सांगता येत नाही. सुमंतने दीड दिवसात गठ्ठा संपवला. माझा चौथ्या दिवशी संपला. तेव्हा ती दोघं आइस्क्रीम खायला गेली होती.

त्याची फाइल टेबलावर होती. मी ती उघडली.

अकरा कागदांवर आमच्या रेघा एकमेकींपासून बऱ्याच लांब होत्या. माझ्याच चुकल्या असणार, याखेरीज दुसरं काही मला सुचलं नाही. मी त्या अकराही खोडल्या आणि त्याने मारल्या होत्या तिथे मारल्या.

रविवारी आसावरीने दोन्ही गठ्ठ्यांतले आकडे लॅपटॉपवर घेतले. मग ते पुन्हा एकदा तपासले.

"हे इतकं कसं जुळतं? चंद्राच्या नोंदींत दोन माणसांचं एवढं कधीच जुळत नाही." ती सुमंतकडे वळली. "काका, राग मानू नका. तुम्ही फार पटकन उरकलंत. नंतर बाबांचं बघून बदललंत का?"

त्याने माझी नक्कल केली असेल, असं आजवर कुणाच्या मनातही आलं नव्हतं. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. फार बरं वाटलं.

"नाही गं," सुमंत म्हणाला आणि माझ्याकडे बघत राहिला. त्याला कळलं होतं. तरी त्याने माझं नाव घेतलं नाही. तिला ते पटलं नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मी आणखी थोडा वेळ गप्प राहिलो असतो तर ते तसंच राहिलं असतं.

"मी बघितलं," मी म्हणालो. "अकरा बदलले."

"का, बाबा?"

"त्याचं बरोबर असतं."

"अहो, बरोबर कुणाचं हे कुणालाच माहीत नाही! मला बरोबर नको होतं. तुमचं हवं होतं."

"त्यातले निम्मे तर मी अंदाजाने ठोकलेत, विनय," सुमंत म्हणाला.

आसावरीने एक कागद उचलून खिडकीच्या उजेडात धरला. मी पेन्सिल दाबून चालवतो. खोडलेल्या रेघेचा वण कागदावर राहिला होता.

"भिंग द्या," ती म्हणाली. "ही पहिली रेघ?"

"हो."

तिने खुर्ची माझ्याजवळ ओढली आणि दुसरा कागद घेतला. सुमंत म्हणाला, "मी चहा टाकतो. कुणाला हवाय?"

तिने मान वर केली नाही. ते मी नीट पाहून घेतलं.