हाताला हलका

आईने टॅब हातात घेतला आणि त्याच्याकडे न बघता काउंटरपलीकडच्या विक्रेत्याला विचारलं,

"हा चष्मा कुठून घेतलात तुम्ही?"

विक्रेता गोंधळला. बॅटरी किती चालते, पडदा किती स्वच्छ दिसतो, हे सगळं त्याच्या जिभेवर तयार होतं. चष्म्याचं त्याला आजवर कुणी विचारलं नव्हतं.

"इथूनच. पुढच्या चौकातून."

"नाकावर वळ उठलेत. फ्रेम जड आहे तुम्हाला. संध्याकाळी कानामागे दुखत असेल."

"दुखतं खरं," तो म्हणाला, आणि त्याचा हात आपसूक कानामागे गेला.

मुलगा शेजारी उभा राहून हसत होता. आईची ही रीत त्याला लहानपणापासून पाठ होती. तिचं सगळं आयुष्य चष्म्याच्या दुकानात गेलं होतं आणि अजूनही ती रोज सकाळी तिथे जात असे. गिऱ्हाइकाला फ्रेम घालायला दिली की "कशी वाटते?" असं ती लगेच कधी विचारायची नाही. आधी गप्पा मारायची. तब्येतीचं काढायची, मुलांचं काढायची, नाहीच काही सापडलं तर उकाड्याचं. वजन हे घेतल्या घेतल्या कळत नाही, असं तिचं म्हणणं. माणूस बोलण्यात रमला की अंग खरं बोलायला लागतं. गिऱ्हाइकाचा हात फ्रेम सावरायला वर गेला रे गेला की ती फ्रेम ती निमूट उतरवून घ्यायची आणि दुसरी काढायची.

आत्ता तिने स्वतःवरच तो प्रयोग चालवला होता. आधी छोटा टॅब धरून ती विक्रेत्याशी त्याच्या दुखऱ्या कानांबद्दल बोलत राहिली, आणि हातात काही आहे हेच विसरून गेली. मग मोठा घेतला. गप्पा त्याच, माणूस तोच. पण जरा वेळाने तिच्या लक्षात आलं की आपण तो या हातातून त्या हातात घेतलाय. निकाल लागला होता.

"बोल आता," मुलगा म्हणाला. "तुझं मनगट आणि त्यांचं मनगट एकाच मापाचं. तुला झेपेल तो त्यांना झेपेल."

त्यांना म्हणजे विहीणबाईंना.

विहीणबाई, म्हणजे मुलाच्या सासूबाई, न्हाणीघरात घसरून पडल्या होत्या आणि उजवं मनगट मोडून बसल्या होत्या. प्लास्टर निघालं, पण हातात जोर आला नव्हता. जन्मभर त्यांनी शाळेत भूगोल शिकवला. निवृत्त झाल्या तरी मुलं अजून शंका विचारायची आणि या बसून उत्तरं लिहून पाठवायच्या. फोनवरची अक्षरं त्यांना दिसत नव्हती आणि लॅपटॉप उचलवत नव्हता. तेव्हा एखादा लहानसा, हाताला हलका टॅब घ्यावा, वाचायला, चार ओळी लिहायला, रोजच्या किरकोळ कामापुरता, असं मुलाने आणि सुनेने ठरवलं. सून रुग्णालयात पाळ्या करायची, तिला सवड नव्हती. म्हणून खरेदीला मुलगा, आणि सल्ल्याला आई.

आईला टॅब हवा का, असं मात्र कुणी विचारलं नव्हतं. तिला नको होता, ही गोष्ट वेगळी. विचारायला काय जातं?

खरं तर तिच्या पोटात दुखत होतं ते आजचं नव्हतं. लग्नाआधी मुलगा विहीणबाईंना काकू म्हणायचा. लग्नानंतरही बरेच दिवस काकूच. मग एका रविवारी तो बाहेरच्या खोलीत फोनवर बोलत होता. "हो आई, येतो ना आई," असं ऐकू आलं, आणि स्वयंपाकघरातून आईने आपली हाक समजून विचारलं, "काय रे?" त्याने फोन कानाला तसाच ठेवून हात हलवला. तुला नाही, असा. त्या हात हलवण्याने तिच्या काळजाला जो चरा पडला तो पडलाच. सांगणार कुणाला? वर्षानुवर्षं राबून मिळवलेला शब्द त्याने सहज उचलून दुसऱ्या घरी नेऊन दिला होता, आणि त्यात कुणालाच काही वावगं वाटत नव्हतं.

"मोठा घे," आई म्हणाली.

"मोठा? जड नाही होणार?"

"वजनाची सवय होते. या वयात आधी डोळे बघायचे. अक्षरं मोठी दिसतील."

"तू म्हणतेस म्हणजे झालं," मुलगा म्हणाला आणि त्याने विक्रेत्याला मोठा बांधायला सांगितला.

इतक्या वर्षांत आईने जाणूनबुजून कुणाच्या नाकावर चुकीची फ्रेम ठेवली नव्हती. ती पहिल्यांदा ठेवली ती आज. मनात तिने हिशेब मांडला होता: दोन दिवस कौतुक होईल, मग हात भरून येईल, मग टॅब कपाटात जाईल. जावयाने आणला म्हणून मिरवायला काही उरणार नाही.

पुढच्या रविवारी मुलगा आला तो खुशीत.

"अक्षरं बघून एकदम खूश झाल्या. फक्त धरवत नाही फार वेळ. मग मी काय करतो, ऑफिसातून येताना त्यांच्याकडे डोकावतो. टॅब टेबलावर उभा करून देतो. त्या सांगतात, मी टाइप करतो. वेळ कसा जातो कळत नाही गं. आई, तुला माहितेय, काही नद्या समुद्रापर्यंत पोचतच नाहीत? वाळवंटातच जिरून जातात."

"हो का," आई म्हणाली. कपातून चहा बशीत आणि बशीतून ओट्यावर गेला तेव्हा कुठे तिने किटली सरळ केली.

स्वतःच्या पायावर एवढा धोंडा तिने आयुष्यात पाडून घेतला नव्हता. रविवारचा एक दिवस तिचा होता, बाकीचे दिवस तिने कुणालाच दिलेले नव्हते. आता ते एकजात विहीणबाईंच्या वाट्याला गेले होते, आणि ते देणारी ती स्वतः होती.

मग रविवारही आखडत चालला. "आज जरा लवकर निघतो," असं सुरू झालं. एकदा नुसता फोनच आला, "आई, आज नाही जमत, तिकडे मुलांच्या परीक्षेच्या शंका आल्यात." आईने "बरं" म्हटलं आणि दोघांचं शिजवलेलं अन्न झाकून ठेवलं. भिंतीकडे तोंड करून तिने विहीणबाईंना मनातल्या मनात चांगलं सुनावलं. भूगोल शिकवता शिकवता बाईने माझं घर तेवढं नकाशावरून पुसलं. मग स्वतःचाच तिला राग आला, कारण वाक्य बरं जमलं होतं आणि ऐकायला घरात कुणी नव्हतं.

त्यानंतर आला तेव्हा मुलाने जाता जाता सांगितलं, "परवा मला उशीर झाला, तर एकट्याच टॅब उचलायला गेल्या. मनगट पुन्हा सुजलंय."

त्या रात्री आईला जेवण गोड लागलं नाही. मत्सर करणं निराळं आणि कुणाचा मोडका हात पुन्हा दुखावणं निराळं. दुसऱ्या दिवशी चष्म्याच्या दुकानात एका म्हाताऱ्या गृहस्थांना तिने फ्रेम घातली आणि गप्पा मारायला तोंड उघडलं, तर शब्दच फुटेना. ते बिचारे आरशात बघत राहिले.

दुपारी ती टॅबच्या दुकानात गेली. विक्रेत्याने तिला लांबूनच ओळखलं.

"बघा," तो नाकाकडे बोट दाखवत म्हणाला, "तुमचं ऐकून बदलला. पिसासारखा आहे. कान दुखायचे थांबले."

आईला तोंडात मारल्यासारखं झालं. "छोटा द्या," ती म्हणाली. "त्या दिवशी दाखवला होतात तो."

विहीणबाईंच्या घरी ती सणासमारंभाशिवाय पहिल्यांदाच जात होती. दार त्यांनी डाव्या हाताने उघडलं. उजव्या मनगटाला पट्टा गुंडाळलेला होता. खोलीत भिंतभर नकाशे, खिडकीशी टेबल, आणि टेबलावर जाडजूड पुस्तकांना टेकवून उभा केलेला तो मोठा टॅब. समोर दोन खुर्च्या होत्या. एका खुर्चीच्या पाठीवर मुलाचा ऑफिसातल्या एसीत घालायचा स्वेटर होता. आईनेच विणलेला.

"या ना, ताई. आधी कळवलं असतंत तर..."

"मी बसायला नाही आले," आई म्हणाली. वाटेत जुळवलेली सगळी वाक्यं दारातच सांडली होती. तिने खोका पुढे केला. "मी निवडलेला तो चुकला. हा घ्या. हा हलका आहे."

विहीणबाईंनी तिला बसवलं. खोका उघडून टॅब डाव्या हातात घेतला, मग अलगद उजव्या हातात. आणि त्याच्याकडे न बघता त्या बोलायला लागल्या. उन्हाच्या कशाला आलात, दुकानात सध्या गर्दी असते का, गुडघे कसे आहेत. आई उत्तरं देत होती आणि तिची नजर त्या पट्टा बांधलेल्या मनगटावर खिळली होती. मनगट हललं नाही.

"तो सांगत असतो तुमची ही रीत," विहीणबाई हसून म्हणाल्या. "खरंच कळतं की." मग त्यांनी टॅब पुन्हा खोक्यात ठेवला आणि झाकण लावलं. "अगदी हलका आहे. पण हा तुमच्याकडेच राहू द्या."

"अहो, मनगट सुजलंय तुमचं."

"सूज काय, उतरेल. मोठा जड आहे हे मला पहिल्याच दिवशी कळलं, ताई. तो बदलून आणायला निघाला होता. मीच म्हटलं, नको, अक्षरं छान दिसतात."

आईला काही कळेना.

"संध्याकाळी तो येतो," विहीणबाई म्हणाल्या. त्यांचं लक्ष दाराशी ठेवलेल्या पायपुसण्याकडे होतं. "बूट काढता काढताच विचारतो, आई, आज कुठली नदी? हा हलका घेतला तर मला सगळं माझं माझं जमेल. मग कशाला येईल कुणी?"

खोलीत पंखा फिरत होता. त्याचा वारा नकाशांच्या खालच्या कडा हलवत होता.

"आणि एक सांगू? तुमचा अंदाज वजनात चुकेल, असं मला क्षणभरही वाटलं नाही. जन्म गेलाय तुमचा त्यात. मला वाटलं, यांनी मुद्दामच केलं. याही एकट्याच राहतात, यांना कळलं असणार, म्हणून यांनी माझ्याकडे त्याला यायला निमित्त दिलं." विहीणबाईंचे डोळे भरून आले होते. "स्वतःच्या वाट्याला एक रविवारच असताना. असं कोण करतं?"

आईने तोंड उघडलं. नाही हो, मी जळत होते, असं म्हणायचं होतं. ओठांपर्यंत आलं आणि तिथेच अडलं. तिने हात पुढे करून विहीणबाईंच्या पट्ट्याचं सुटलेलं टोक नीट खोचलं.

"उचलत जाऊ नका तो एकट्याने," ती म्हणाली. "तो येईपर्यंत थांबत जा."

खोका पिशवीत घालून ती निघाली. जिन्यात तिला रडू आलं, कुणासाठी ते तिलाही सांगता आलं नसतं.

रविवारी मुलगा आला, जेवला, आणि थोड्या वेळाने किल्ल्या शोधायला लागला. एक बूट घालून झाला होता तेव्हा त्याला टेबलावरचा खोका दिसला.

"हे काय? तूही घेतलास? आणि छोटा?"

"घेतला."

त्याने एका पायात बूट, एका पायात मोजा अशा अवस्थेतच लंगडत येऊन टॅब उचलला. "अरे वा! हाताला काही लागतच नाही. हे बघ, इथे दाबलं की सुरू होतो." त्याने तो आईच्या हातात दिला आणि सुरू कसा करायचा, अक्षरं मोठी कशी करायची, ते सांगू लागला. मग ऑफिसातलं काहीतरी निघालं, मग सुनेच्या पाळ्यांचं. आई ऐकत होती, हं म्हणत होती. टॅब तिच्या उजव्या हातात होता तसाच होता. दिवसभर धरला असता तरी चाललं असतं.

त्याने घड्याळाकडे पाहिलं.

"जड आहे रे हा," आई म्हणाली. "मला नाही धरवत. बस जरा. तूच धर."

मुलाने तिच्या हाताकडे पाहिलं. हात सावरायला गेला नव्हता, की टॅब दुसऱ्या हातात गेला नव्हता.

मग तो खुर्चीवर बसला, वाकला, आणि त्याने पायातला बूट काढून ठेवला.