आखाजीचे उत्तर

शके एकोणीसशे सेहेचाळीस, वैशाख शुद्ध तृतीया. स्थळ, चोपडा तालुक्यातील केळीच्या एका गावात भिकुबाईंचा ओटा. वेळ भर दुपारची. हितेंद्र मांडीवर कागद घेऊन बसला होता आणि काही विचारीत नव्हता.

जळगावच्या एका मानसशास्त्र विभागासाठी घरोघर प्रश्न विचारण्यात त्याची उमर गेली होती. नोकरी कंत्राटी, दर साल नव्याने मिळणारी. यंदाची प्रश्नावली माणसे जगण्यामरण्याच्या प्रश्नांशी किती झुंजतात, ते मोजणारी होती. असले काही मोजता येत नाही म्हणणाऱ्यांशी तो हिरिरीने भांडे. ताप मोजता येतो तसा जिवाचा घोरही मोजता येतो, असे त्याचे म्हणणे. मात्र तापमापक उन्हात ठेवून चालत नाही.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, शेते थांबतात, सारे घरी सापडतात, म्हणून हा दिवस त्यानेच निवडला होता. संध्याकाळी कागद पोहोचले तरच कंत्राट पुढे सरकणार होते.

मरणाचा विचार किती वेळा येतो, याला सकाळपासून प्रत्येक घरी एकच उत्तर मिळाले होते: नेहमी. आता दारातून त्याला पाटावरची नवी घागर दिसली, वर खरबूज, शेजारी सांजोरी. भिकुबाईंचे यजमान गेल्या पावसाळ्यात वारले. त्यांची ही पहिली घागर. आज घरोघर पितरांना पाणी पाजले जात होते, आणि त्याने तापमापक नेमका उन्हात धरला होता.

"नेहमी लिखा ना भाऊ," भिकुबाई म्हणाल्या. "आज मालक डोयासमोरून हालतच नहीत."

"हाई उत्तर आखाजीनं शे, अक्का. तुमनं नही. मी पुढला महिनामा येसू."

त्याने विभागातल्या मयुरी मॅडमना फोन लावला, चूक आपली असल्याचे सांगितले आणि सकाळचे कागदही रद्द धरायला सांगितले. मॅडम म्हणाल्या की त्याचे म्हणणे बरोबर आहे. पण मुदत वाढणार नाही आणि कागदांवाचून त्याचे नाव मंजुरीला पाठवता येणार नाही. ठीक आहे मॅडम, एवढेच तो बोलला. प्रत्येक कागदावर त्याने तिरपी रेघ ओढली, पट्टी लावून.

सून कामिनीने खापरावरचा मांडा आणि आमरस वाढला. तो सावकाश जेवला.

"नोकरी गई, मंग परत कसाले येशात?" भिकुबाईंनी विचारले.

"उत्तर राही गयं ना, अक्का."

तो कोपऱ्यावर वळेपर्यंत दोघी पाहत राहिल्या. पगार नाही तर कोण येतो इतक्या लांब, कामिनी हसून म्हणाली.

भिकुबाईंनी त्याचे ताट उचलले.

"हाऊ येई."