लक्ष्मीबाईंची मॉरिस

लेकीचं लग्न आठवड्यावर आलं होतं, आणि लासुर्ण्याच्या भर चौकात लक्ष्मीबाईंच्या मॉरिसनं डॅशबोर्डातून धूर सोडला.

लक्ष्मीबाईंनी इंजिन बंद केलं, खाली उडी घेतली, बॉनेट उचललं आणि बॅटरीची वायर हिसडून काढली. शेजारच्या सीटवर बसलेले साहेबराव अजून "धूर, धूर" म्हणतच होते.

लक्ष्मीबाई सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. ती गाडी त्यांनी वालचंदनगर सोडून निघालेल्या एका इंजिनिअरकडून घेतली होती आणि चालवायलाही त्या स्वतःच शिकल्या होत्या. साहेबराव हे त्यांचे यजमान. शाळेत भूगोल शिकवायचे. जगातले घाट आणि नद्या त्यांना तोंडपाठ, पण स्टिअरिंगला त्यांनी उभ्या जन्मात हात लावला नव्हता. आणि त्यांची लेक दिशा हिनं तर जाहीरच करून टाकलं होतं, "मंडपात जाईन ती आईच्या गाडीतनं. चालवणार पण आईच." इंदापूरच्या व्याह्यांनी फुलांनी सजवलेली ॲम्बेसिडर पाठवू म्हणून निरोप धाडला होता, तोही तिनं परस्पर परतवला होता.

गाडी ढकलत घरच्या अंगणात आणली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बारामतीहून नईम आला. आधी त्याचे वडील रसूलभाई ही गाडी बघायचे, आता वायरिंगचं दुकान तो चालवत होता. त्यानं डॅशबोर्डाखाली डोकं घातलं, टॉर्चचा उजेड टाकला आणि एका वायरीला नुसतं बोट लावलं. वरचं कापडी वेष्टण भाजलेल्या पापडासारखं चुरून त्याच्या मिशीवर पडलं.

"बाई, एक जळलीय म्हणून भागत न्हाय. आतल्या समद्याच गेल्यात."

"मग समद्याच बदलू."

"डॅशबोर्डातल्या वायरींचा अख्खा जुडगा? ह्या गाडीचा तयार कुठं मिळत न्हाय. पुण्यातबी न्हाय."

"मग हितंच बनवू," लक्ष्मीबाई म्हणाल्या.

नईम खालून बाहेर आला. त्यांच्याकडं बघता बघता त्याचा चेहरा उजळत गेला. "खरंच म्हणता? कधीपासनं असलं एखादं काम हातात यावं असं वाटत हुतं बघा!"

झालं, अंगणातली लग्नाची भांडी एका बाजूला सरकली. साहेबरावांची जुनी पँट चढवून लक्ष्मीबाई कामाला लागल्या. वायरींचे मूळचे रंग कधीच उडाले होते, सगळ्या सारख्याच मातकट दिसत होत्या. म्हणून एकेक टोक सोडवायच्या आधी त्या त्याला दवाखान्यातल्या चिकटपट्टीचा तुकडा डकवायच्या आणि वर लिहायच्या : हॉर्न, मोठा दिवा, पेट्रोलचा काटा. नईम स्क्रू सैल करायचा, त्या पट्टी लावायच्या. सगळी टोकं सुटली तेव्हा नईमनं जुना जुडगा दोन्ही हातांवर अलगद घेतला आणि बाहेर आणला. जुन्या दाराची एक फळी आडवी घालून त्यांनी तो तिच्यावर जसाच्या तसा पसरला, वळणावळणाला खिळे ठोकले आणि त्या खिळ्यांच्या कडेकडेनं नव्याकोऱ्या वायरी ओढायला सुरुवात केली. लाल, पिवळ्या, हिरव्या, निळ्या. फळीवर नुसती रंगांची जत्रा भरली.

"आई, मेंदी काढायची हाय," लग्नाच्या आदल्या दिवशी दिशा दारातून ओरडली.

"तू बस काढून. माझी हितं चाललीय."

खरी गंमत पुढं झाली. नवा जुडगा डॅशबोर्डामागून नेऊन, इंजिनकडच्या पत्र्यातल्या भोकातून पलीकडं काढायचा होता. नईमचा पंजा आत शिरेना. तेव्हा लक्ष्मीबाईंनी पाय सीटच्या पाठीवर टाकले, डोकं खाली पेडलांपाशी नेलं आणि उताण्या पडून हात आत घातला. बॉनेटमधून वाकलेला नईम ओरडत होता, "आलं, आलं! आणखी थोडं. वर न्हाय बाई, डावीकडं!" वायरींचं रंगीत टोक एकदम भोकातून बाहेर उसळलं. नईमनं ते पकडलं आणि विहिरीतून घागर वर आल्यासारखी आरोळी ठोकली. आतून लक्ष्मीबाईंचं हसू ऐकू आलं. हसताना डोकं पेडलावर आपटलं, तरी त्या हसतच राहिल्या.

संध्याकाळी सगळी टोकं जागच्या जागी बसली. बॅटरी जोडायच्या आधी नईमनं सगळ्यांना दोन पावलं मागं सरकवलं. किती बाळंतपणं केली, पण अशी धडधड नाही झाली कधी, असं लक्ष्मीबाईंना वाटलं. बॅटरी जोडून झाली तशी त्यांनी आत बसून किल्ली फिरवली.

डॅशबोर्डावर लाल दिवा लागला.

"लागला!" दिशा मेंदीचे हात वर करून नाचायलाच लागली. मोठे दिवे लागले, समोरची भिंत पिवळी झाली. हॉर्न वाजला तशी शेजारची कोंबडी उडाली. ह्या जुन्या गाडीला वळण दाखवायला दोन्ही अंगांना छोटे पिवळे हात होते, खटका दाबला की बाहेर यायचे. लक्ष्मीबाईंनी डावीकडचा खटका दाबला आणि टक् करून उजवा हात बाहेर आला.

लक्ष्मीबाईंनी खटका सोडून परत दाबला. परत उजवाच.

"भूगोल कच्चा हाय तुमचा," साहेबराव शांतपणे म्हणाले.

नईम हसता हसता खालीच बसला. पट्ट्याही उताण्या पडूनच लावल्या होत्या, त्यामुळं लक्ष्मीबाईंची डावी-उजवी उलटी झाली होती. दोन वायरींची अदलाबदल केली, खटका पुन्हा दाबला, आणि डावा हात ऐटीत बाहेर आला. मग इंजिन सुरू झालं, जरा रेस दिल्यावर लाल दिवा विझला. म्हणजे बॅटरी चार्ज व्हायला लागली. नईमनं रुमालानं कपाळ पुसलं. "बाई, मी तुमच्यासंगं इंदापूरपातूर येणार. कामासाठी न्हाय, लग्नाला."

लग्नाच्या सकाळी मॉरिस निघाली. पांढऱ्या साडीतली दिशा पुढं, साहेबराव आणि नईम मागं. दोन्ही अंगांना ऊस, आणि निमगाव केतकीत तर चहाच्या टपरीवरची माणसं कप घेऊन रस्त्याकडेला आली. लक्ष्मीबाईंनी कारण नसताना हॉर्न वाजवला. पुन्हा वाजवला.

इंदापुरात विहारासमोर गाडी उभी राहिली तेव्हा नवरदेव बुद्धभूषण पायऱ्या उतरून आला. पण त्याच्याही आधी त्याच्या आई, प्रयागबाई, गाडीपाशी पोचल्या. त्यांनी सुनेला हाताला धरून उतरवलं, तोंडावरून हात फिरवला, आणि मग वाकून लक्ष्मीबाईंच्या हातातल्या स्टिअरिंगकडं बघितलं.

"विहीणबाई, तुमी एकल्या चालवत आला? लासुर्ण्यापासनं?"

"व्हय."

प्रयागबाईंनी मागं बघितलं. मंडपात माणसं बसली होती, वंदनेची तयारी झाली होती. मग त्या दिशाच्या रिकाम्या सीटवर बसल्या आणि दार ओढून घेतलं.

"आई, आता? लोक खोळंबलेत," बुद्धभूषण म्हणाला.

"त्यांना सरबत द्या," प्रयागबाई म्हणाल्या. "चला विहीणबाई. बाजारापातूर जाऊन येऊ, आणि जरा जोरात घ्या."

लक्ष्मीबाईंनी गिअर टाकला.